शेऱ्याचा रकाना

आमच्या चर्चची नोंदवही
दोन्ही हातांनी उचलावी लागते.
पहिली पानं बोरूनं लिहिलेली, शाई काकवीच्या रंगाची.
तिथं माझी खापरपणजी आहे :
सगुणा, वडगाव, वय अंदाजे एकोणीस.
शेरा : घरचे बोलत नाहीत.

परवा हर्कबहादूर तामांग आला.
शाहूपुरीत रात्रीची गस्त घालतो तो.
कोल्हापुरात नऊ वर्षं झाली,
नऊ वर्षं शेवटचा बाक, चपला दाराबाहेर.
म्हणाला, साहेब, नाव लावा.
मी पेनाचं टोपण काढलं.
बाप्तिस्मा कधी?
— पौष असेल. बर्फाचं पाणी होतं.
नदी केवढी? पंचगंगेएवढी?
— लहान. पण ओरडणारी.
दिला कुणी?
— नाव सांगायचं नव्हतं.
साक्षीदार?
तो हसला. — साक्षीदार असता
तर तोही आत गेला असता.

त्याच्या मुलखात तेव्हा
स्वतःचा धर्म बदलला तर एक वर्ष,
दुसऱ्याचा बदलवला तर सहा.
बाप पाल्प्याच्या तुरुंगात.
राजानं मूठ सैल केली त्या साली सुटला,
आणि दारात उभ्या पोराला विचारलं,
बाळ, हर्केचं घर कुठलं?

दार्जिलिंगहून मिठाच्या पोत्यातून आलेलं पुस्तक
गावानं उसवून वाटून घेतलेलं,
झडतीत एका घरी सगळं सापडू नये म्हणून.
कुणाला डोंगरावरचं प्रवचन, कुणाला वधस्तंभ.
यांच्या चुलीमागं आली
नुसती वंशावळ.
मका भाजताना आई तीच म्हणायची,
ह्याचा बाप तो, त्याचा बाप तो.
पोराला वाटायचं, वरच्या वस्तीतले म्हातारे असतील.

आमचे पाळक ते पान गाळतात.
आम्हीही. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोला.

साक्षीदाराचा रकाना कोरा ठेवला.
शेऱ्यापाशी पेन थांबलं.
इथं काय लिहितात, त्यानं विचारलं.
मी पानं मागं उलटून सगुणा दाखवली.
त्यानं बोट ठेवून सावकाश वाचलं,
मान वर केली :
— अजून?

वडगावात आमचं कोण आहे
मला ठाऊक नाही.

रात्री दोनला काठी वाजली.
इतकी वर्षं मला वाटलं, चोरांसाठी असते ती.
खिडकी उघडून कान दिला.
बवाज, टक्.
ओबेद, टक्.
इशाय
मग कुत्री उठली, आणि पुढची नावं
स्टेशनच्या अंगाला वळली.