आयत्या वेळचा विषय

शालन मगदूम गंगावेशीत माझ्या दारात आली
तेव्हा एका हातात किटली,
दुसऱ्या हातात पिशवीत गुंडाळलेल्या
एकशे बारा पावत्या.
"सर, डेअरीच्या सभेत बोलायचंय. शिकवा."

तीस वर्षं मी पोरांना वक्तृत्व शिकवलं.
हात कुठं उचलायचा, आवाज कुठं थरथरवायचा.
त्यांनी आणलेल्या ढाली
शाळेच्या कपाटात अजून काळ्या पडतायत.
मी हौसेनं लिहायला घेतलं:
व्यासपीठावरील सन्माननीय,
आणि समोर बसलेल्या श्वेतगंगेच्या भगीरथांनो...

"थांबा," ती म्हणाली.
"सन्माननीयांनीच काटा मारलाय.
आणि भगीरथ कोण?
आमच्यात मगदूम, चौगुले, कांबळे हाईत."

मी खोडलं.
मग ती सांगत सुटली, माझा हात दुखू लागला.
फॅट कमी लावतात. पेंड महाग देतात.
मोजायला सचिवाचा मेहुणा.
बोनस दिवाळी उलटल्यावर.
"शालनबाई, यातलं एकच ठेवा."
"का? बाकीचं खोटं हाय?"
"खरं आहे. पण मूठभर सुया एकदम टोचल्या
तर एकही रुतत नाही."
रागावली. किटली उचलून गेली.
पुढच्या गुरुवारी उंबऱ्यातूनच म्हणाली, "फॅट."

सतरंजीवर पावत्यांची चळत लागली.
डेअरीचा आकडा सहा पॉइंट चार.
त्याच सकाळचं, त्याच म्हशीचं दूध
शहरात तपासलं तर सात पॉइंट दोन.
लिटरमागं पाच रुपये. आठ लिटर. रोजचे चाळीस.
"चाळीस डोळ्यांना दिसत नाहीत," मी म्हणालो.
ती जरा गप्प राहिली.
"नदीपलीकडनं बिंदू चौक, पोरीचं कॉलेजला
येणंजाणं. तेवढंच होतंय."

"आणि शेवटी मागणार काय? न्याय?"
"न्याय घेऊन ठेवू कुठं?
महिन्यातनं एकदा यंत्र सगळ्यांसमोर तपासा. बास."
एवढं लहान, एवढं टोकदार मागणं
माझ्या एकाही ढालवाल्याला सुचलं नव्हतं.

सराव तिनं गोठ्यात केला, कडबाकुट्टी चालू ठेवून.
"माईक बंद करतात, सर. दरसाल."
हे माझ्या टिपणवहीत कुठंच नव्हतं.

सभेला मी मागच्या खांबाशी बसलो.
एक ते अकरा विषय चार मिनिटांत उडाले,
मंजूर, मंजूर, मंजूर,
पहिल्या रांगेतल्या पोरांनी माळ लावावी तसे.
बारावा: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.
अध्यक्ष पायानं चपला चाचपत होते.
शालन उठली.

"माझ्या म्हशीचं नाव चांदी.
ती एकाच सकाळी दोन तऱ्हेचं दूध देती."

हसले सगळे. पहिली रांगसुद्धा.
मग तिनं दोन आकडे सांगितले, आणि हसू
ज्याच्या त्याच्या तोंडावर तसंच राहून गेलं.
पाच रुपयांपाशी माईक गेला.
ती थांबली नाही, किंचाळलीही नाही;
कडबाकुट्टीवरचा आवाज तेवढा काढला
आणि पोरीच्या तिकिटावरून
सरळ मागणीवर आली:
"महिन्यातनं एकदा. सगळ्यांसमोर."

"मंजूर!" पहिल्या रांगेतनं कुणीतरी ओरडलं,
सवयीनं.
मग त्यालाच कळेना आता काय करावं.
अध्यक्ष एका चपलेवर उभे.

इतिवृत्तात म्हणे 'सभासदांनी सूचना केली' एवढंच आलं.
यंत्राचं काय झालं, मला ठाऊक नाही.
पण मंडपाबाहेर उन्हात
बायका पर्समधनं पावत्या काढून
एकमेकींच्या पावत्यांना लावून बघत होत्या,
वराची पत्रिका बघावी तशा.

माझं पहिलं पान शालननं परत दिलं.
भगीरथांवर काट मारलेलं.
पाठकोऱ्या बाजूला
ऑक्टोबरच्या दुधाचा हिशेब.