विलंब शुल्क

गाडीचं फिटनेस संपलं नऊ तारखेला.
त्याच पहाटे ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयात
बाबांचंही.

आधी काय संपलं, हे मला अजून ठरवता येत नाही.
संगणकासाठी नऊ तारीख अख्खी असते,
डॉक्टरांनी मात्र लिहिलं, चार वाजून दहा.

तेरा दिवस पिवळी पाटी दिवागावच्या गल्लीत
ताडपत्रीखाली.
बोनेटवर शेजारचं मांजर झोपायचं.
चौदाव्या दिवशी फाईल घेऊन गेलो:
विमा, पीयूसी, पर्यटक परवाना,
वेग-नियंत्रकाचा कागद, पोलीस पडताळणीचा शिक्का,
धोक्याचं बटण चालतं असा दाखला,
आणि बॅज, जो छातीवर नसून खिशात होता,
कारण सुतकात काय लावावं, काय नाही
हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

खिडकीत तांडेल मॅडम.
त्यांनी बॅजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"फोटोत केस आहेत."
"होते," म्हणालो.
रांगेत मागे कोणीतरी हसलं,
मग त्याला कळलं,
आणि तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

दिवसाला इतके, म्हणून तेराचे इतके.
मॅडमनी गुणाकार कॅल्क्युलेटरवर केला,
मी मनात. उत्तर जुळलं.
पहिला दिवस: खांदा.
तिसरा: राख घेऊन खाडीत, ओहोटी,
पाण्यापर्यंत पोचायला गुडघाभर चिखल.
दहावा: कावळा शिवेना. पावणेदोन तास.
शेवटी चुलता पुटपुटला,
"गारी नीट चालवील तो, जा तू."
आणि शिवला.
सगळ्या दिवसांना एकच दर.

"सिस्टीम घेते, मी नाही," मॅडम म्हणाल्या,
आणि पावतीला टाचणी लावून
तिचं टोक आत दुमडून दिलं,
बोटाला लागू नये असं.

बाबांच्या होडीला कितीतरी वर्षं नंबरच नव्हता.
मग साहेब आले, नंबर आला,
तो त्यांनी स्वतःच रंगवला, चार उलटा.
मी पहिल्यांदा बॅजचे पैसे भरले तेव्हा
ते पावती उन्हाला धरून बघत होते,
वाचता येत नव्हतं तरी.
"पैसं भरलंस ना? मंग आता कोनाला भ्याचा नाय."

रविवारी पहिलं भाडं, अमरावतीचं कुटुंब.
पांढरा गणवेश, इस्त्रीचा. डोक्यावर टोपी.
फ्लेमिंगो बघायला त्यांना जेट्टीवर नेलं.
सगळे बोटीत बसले, आजी भ्यायल्या,
माझ्याबरोबर काठावर थांबल्या.
पलीकडे गुलाबी रेघ. भरती चढत होती.
बाबांनी रोवलेले जाळ्याचे खुंट
पाच दिसत होते, मग तीन, मग एक.
"ते काय आहे हो?" आजींनी विचारलं.
"खुंट."
"कुणाचे?"
मी टोपी काढून घाम पुसला.
त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं
आणि पुढे काही विचारलं नाही.
पिशवीतून काढून
अर्धं संत्रं दिलं.

दोन तास वीस मिनिटं झाली.
पहिल्या तासानंतर पैसे लागतात,
हे मी निघतानाच सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं.
फेरीच्या कागदावर
थांबण्याचे पैसे, असा एक रकाना असतो.
बोटाला संत्र्याचा वास होता.
मी लिहिलं: निरंक.