आवर्त ठेव

पोस्टाची पाच तारीख.
बँकेची दहा; ती आपली आपण कापून घेते
आणि मोबाईलला कळवते.
मोबाईल मुलाकडे, मुलगा सुरतेला,
म्हणून मला कळतं बाराला.

पाच चुकली तर पोस्टात शंभरामागे रुपया दंड.
रुपयाचं काही नाही,
पण खिडकीतली पोरगी चष्म्यावरून बघते
आणि म्हणते, कोकिळाताई, तुम्हीसुद्धा?

पासबुकं मी ब्लाउजच्या कागदी कटिंगात गुंडाळते.
छत्तीसच्या मापात पोस्ट,
चाळीसच्या मापात बँक.
दोन्हींची मुदत अखाजीच्या आधी संपेल अशी बेतली आहे,
कापड बेततात तशी,
शिलाईला अर्धा इंच सोडून.
लेक माहेरी येते, झोका बांधला जातो,
तिच्या हातावर काही ठेवायला
कुणापुढे तोंड उघडावं लागत नाही.

तिसरं कार्ड पिवळं. ते कशात गुंडाळत नाही.
ते मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डबीखाली.

भिकन वाणी रोज दुपारी यायचा,
अमळनेरच्या उन्हात, सायकलवरून.
रोज वीस रुपये, तीन वर्षं अडीच महिने.
बोहनी झाली नाही तरी वीस.
सासऱ्यांच्या तेराव्याला तो उंबऱ्याबाहेर थांबला,
पेनला टोपण लावलं, पुन्हा काढलं.
त्याही दिवशी वीस.

मग एका सोमवारी पतसंस्थेचं शटर वर गेलं नाही.
पुढे बोर्डातला प गळून पडला.
तसंस्था, तसंस्था,
शाळेची पोरं मोठ्यानं वाचत जातात.
अवसायक नेमला म्हणे.
मला वाटलं, अवसेच्या अवसेला येणारा कुणी असेल.
तसाही आला नाही.
फॉर्म भरला, झेरॉक्स दिल्या,
चेअरमनच्या बंगल्याला त्याच साली रंग लागला,
फिकट गुलाबी.

तेवीस हजार चारशे.

थंडी पडली, भरताची वांगी बाजारात आली
आणि एका शनिवारी भिकन दारात.
सायकल नाही, चालत.
आता जिनिंगवर वजनं लिहितो म्हणाला.
पन्नासची नोट मशीनवर ठेवली,
उडू नये म्हणून वर कात्री.
पिवळं कार्ड मागितलं,
मागच्या कोऱ्या बाजूला तारीख घातली
आणि पेन माझ्याकडे केलं:
आते सही तुन्ही.

मी म्हटलं, भिकन, पैसा तर त्यासनी खादा.
त्यासनीच खादा, आक्का,
पन लेवाले हात मना व्हता.

अशी सात दारं घेतो तो शनिवारी.
बाकीची कधी, ते मी विचारलं नाही.

रात्री हिशेब केला.
चारशे अडुसष्ट शनिवार. नऊ वर्षं,
एकही न चुकता, व्याज सोडून.
तो तेव्हा सदुसष्टचा. माझं वय मी मोजलं नाही.
म्हणजे आता त्याचंच खातं चालू आहे माझ्याकडे
आणि नियम मला माहीत नाहीत,
हप्ता चुकला तर काय,
मुदतीआधी बंद करता येतं का,
मी मध्येच गेले तर त्यानं कुणाकडे भरायचे.

त्या पन्नासांचं पोस्टात वेगळं खातं काढलं, महिना दोनशेचं.
पोरीनं विचारलं, नॉमिनी?
मी सांगितलं, भिकन सुपडू वाणी.
नातं?
मागे रांग होती. कुणीतरी खोकलं.
मी म्हटलं, तो रकाना राहू दे.
राहू देता येत नाही, ताई.

गेल्या शनिवारी तो आला नाही.
कात्री मशीनवर तशीच,
मी तिनं काही कापलंही नाही.
सोमवारी आला, ओठ सुकलेले,
शंभरची नोट घामानं ओली. ताप होता म्हणे.
आक्का, दंड कितला?

मी म्हटलं, बठ.
कयनानी भाकर शे, ठेचा शे.
खाई ले, मंग सांगस.