पोळ्याच्या करीला

बैलांच्या शिंगांचा हिंगूळ अजून बोटाला लागतो.
देवरीकडच्या रस्त्यावर, समितीच्या तेंदूपत्त्याच्या गोदामात
आम्ही दोघी पोत्यावर बसलोय,
मी आणि झिंगराबाई कोडापे.
मधे तीन स्टीलचे पेले, आहेरातले,
बुडाशी कुणाकुणाची नावं टोचलेली.

जांभूळ एकाच झाडाचं, नाल्याकाठचं.
चार बायकांनी लुगडं ताणून धरलं
आणि रामसूचं पोरगं वर चढून फांद्यांवर नाचलं.
त्याचे पाय पुढे आठवडाभर निळे होते.

पहिला पेला रांजणाचा.
त्यात आम्ही काहीच घातलं नव्हतं.
सालीवरची भुरी पुसली नाही, आणि त्या भुरीत जे जिवंत होतं
ते तिसऱ्या रात्री बोलायला लागलं.
साली वर यायच्या जाड पांघरूण होऊन,
झिंगराबाई सागाच्या दांड्यानं त्यांना खाली दाबायची,
सकाळी एकदा, गुरं परतल्यावर एकदा,
तापातल्या लेकराला गोधडीत दाबावं तसं.
आता जिभेवर आधी काहीच नाही.
मग हिरड्या आवळतात, कच्चं टेंभरू चावल्यासारख्या,
मग भिजल्या कौलाचा वास,
आणि पार मागे, घशाच्या वळणावर
जांभूळ. पाठमोरं.

"फार तुरट," मी म्हणते.
"पोट्टी हाय," ती म्हणते. "चावनच."

निळ्या ड्रममध्ये फळ फोडलंच नव्हतं.
अख्खं भरलं, झाकण लावलं, वर जात्याची तळी.
आतली हवा हळूहळू हटली,
तिच्या जागी दुसरी आली, जड, न दिसणारी,
आणि कोंडलेल्या एकेका जांभळानं
आपल्याच सालीत बसून आपलीच साखर खाल्ली.
हे सांगितलं तेव्हा झिंगराबाई ड्रमला कान लावून बसली होती.
"उपास धरलाय सगळ्यायनं," म्हणाली.
नवव्या दिवशी पिळलं.
रंग कुंकवाच्या पाण्याइतका.
वास केळ्याचा, आसपास केळ नसताना,
आणि बाजारातल्या त्या लाल गोळीचा
जी मी चौथीत चोरली होती.
घोट उतरतो, आणि उतरला हेही आठवत नाही.
झिंगराबाई हसते: "हे गोष्टी सांगते. खऱ्या नाही सांगत."

तिसऱ्यात नागपूरहून आणलेली पुडी,
टाकीभोवती ओली पोती,
तापमानाची वही माझ्या अक्षरात.
स्वच्छ. बरोबर. अकोल्याला पैकीच्या पैकी मिळाले असते.
झिंगराबाई पेला खाली ठेवते
आणि पदराच्या टोकानं उगाच जमीन झटकते.
तुरटपणापेक्षा ते मला जास्त लागतं.

"अन् तू थुंकतेस काहून?"
मघापासून माझ्याकडे नाही, ती गमेल्याकडे बघत होती.
मी समजावते: चाखायचं असतं, प्यायचं नसतं,
तिसऱ्या पेल्यापर्यंत डोकं जाग्यावर राहायला हवं.
ती ऐकून घेते. मग म्हणते,
"फेकतो तं आमीबी. पण आधी फेकतो. नाव घेऊन."
बोटं बुडवून रांजणाच्या पेल्यातले तीन थेंब मातीत सोडते.
एक नाव सासूचं. एक बहुतेक झाडाचं.
तिसरं गोंडीत, ओठांतल्या ओठांत;
मी विचारलं नाही.

वहीत लिहिते: रांजण, तुरट, थांबावं.
"कवापर्यंत?"
"मंडईपर्यंत तरी."
"ड्रमचं?"
"ड्रमचं आजच संपवायचं. ते थांबणाऱ्यातलं नाही."
मग ती दारातून हाक मारते,
आणि चार बायका, जणू कौलाआडच उभ्या होत्या,
आपापले पेले घेऊन आत येतात.

गमेलं मी बाहेर ओतायला नेते.
तिन्ही त्यात एकच झालेत, शिवाय माझी थुंकी.
रामसूचा बैल, गळ्यात कालची माळ,
नाक खुपसतो, फुरफुरतो,
आणि माझ्या पांढऱ्या ओढणीवर जांभळे शिंतोडे उडतात.
घरी येऊन धुतले. रांजणाचे असतील तेवढे
गेले नाहीत.