राखटोली

झिरो माइलच्या दगडापासून एकोणीस किलोमीटर.
हे मी स्कूटीच्या काट्यावरून सांगते,
आणि शेवटचा दीड किलोमीटर काटा बंद होता.

उत्तरेला कोलार नदी, उन्हाळ्यात घोट्याइतकी.
पूर्वेला पॉवर हाउसच्या राखेचा बांध,
बांधापलीकडे तळं, पांढरं, एकही बगळा नसलेलं.
पश्चिमेला कोळशाच्या मालगाडीची लाइन.
गाडी वळणावर हळू होते, तेवढीच तिची ओळख.
दक्षिणेला तुरीचं एक वावर
आणि तारांचे मनोरे, पाय फाकवून उभे,
वीज डोक्यावरून भलतीकडे नेणारे.

ग्रामपंचायत म्हणते, ही वस्ती नगर परिषदेची.
नगर परिषद म्हणते, नकाशात इथे बाभळी आहेत.
"बाभळीच होत्या न मॅडम," रेवाराम नेवारे म्हणाला,
"त्याच तोडून तं घरं बांधले."

गेरूने दारादारावर आकडे टाकत गेले.
सात नंबरला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता,
गेरू त्यावर धरेना.
फुलवंता उईकेने ओल्या हातानं पाटा पुढे सरकवला:
"याच्यावर लिवा. हा काई पळून जात नाई."

घरं एकेचाळीस. माणसांपाशी अडले.
मी विचारायची, रात्री घरी कोण कोण असतं?
बिसाहू हसला. रात्री आम्ही बांधावर,
राख ओली ठेवावी लागते, नाहीतर शहरात जाते.
दिवसा झोपतो, तेव्हा या मोजायला.

कौतिकाबाईचा पोरगा कामठीकडे, वीटभट्टीवर.
"त्याचंही धरा," म्हणाली,
पंगतीत एक पान जास्तीचं मांडायला सांगावं तशी.
धरू नये, असं पुस्तिकेत आहे.
मी धरलं. पेन्सिलीनं.

पोट्टे मागोमाग होतेच.
एकानं गेरूचा डबा लांबवला,
हाती आला तोवर आकडे पुढे गेलेले:
बेचाळीस कोरड्या हातपंपावर,
त्रेचाळीस बोकडाच्या पाठीवर,
चव्वेचाळीस रुळाकडेच्या जुन्या सिग्नल खोलीवर.

त्या खोलीतून एक म्हातारा निघाला.
टोलीला ठाऊक होता, सांगितला मात्र कोणी नव्हता.
नाव विचारलं, तर त्यानं आधी माझं विचारलं.
सांगितलं. मग स्वतःचं आठवायला वेळ घेतला:
झिंगरू. पुढे काही नाही.
जन्मगाव? धरणाच्या पाण्यात.
रकान्याला जिल्हा हवा होता,
मी नागपूर लिहिलं,
तो म्हणाला, बरं.

एकशे त्र्याऐंशी. अधिक पेन्सिलीतला एक.

दुसऱ्या दिवशी तहसीलला साहेबांनी यादी वाचली,
चष्मा कपाळावर ढकलला.
एकेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस?
मधली दोन घरं कुठे गेली?

एक हातपंप आहे, सर.
आणि दुसरं सकाळीच चरायला गेलं.