बेटाची तारीख

लहानू बेंडकुळेने फोनवर एवढंच सांगितलं,
वर आलंय.
म्हणजे गंगापूर धरणात, गंगावऱ्हेच्या अलीकडे
टेकाडाचा माथा पाण्याबाहेर आला,
भाकरीएवढा.
आठवड्याने परातीएवढा होईल,
मग दोन माणसं आडवी होतील एवढा,
आणि मग थोडेच दिवस.

मी कॅलेंडरच्या मागे लिहिते, दुधाच्या हिशेबाखाली:
दोन दिवस, एक रात्र.
चटई. टॉर्च. भाकरी, ठेचा.
द्राक्षं, मोहाडीच्या मावशीकडची,
निर्यातीत नापास झालेली,
म्हणून गोड.
ह्यांची बीपीची गोळी.
पत्ते नकोत. हे पानं वाटतात पाण्यासारखी,
सगळ्यांना सारखी, घड्याळ बघून.

हे सिडकोत व्हॉल्व्हमन.
पहाटे साडेचारला सायकलला लोखंडी चावी बांधून निघतात.
पवननगर पंचेचाळीस मिनिटं, उत्तमनगर पन्नास,
चढावरच्या गल्लीला पाच मिनिटं जास्त,
ती वहीत नाहीत.
नाव निवृत्ती.
निवृत्तीला अजून सहा वर्षं.

रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर,
साहेब कुंभमेळ्याच्या मीटिंगला.
पेपरात रोज चौकट येते: गंगापूर एकसष्ट टक्के.
अठ्ठावन्न.
लोक ती टंचाईसाठी वाचतात.
एकदा चहा गाळताना बोलून गेले,
अहो, बेटाभोवतीचं पाणी
रोज पहाटे तुम्हीच तर सोडता.
हे हसले नाहीत. बशीत चहा ओतला,
म्हणाले, पाच मिनिटं कमी करू का उत्तमनगरची?
मी म्हटलं, नको,
तिथे शकूचं बाळंतपण आहे.

रजा मंजूर झाली त्या रात्री
अंबडला मोठी लाइन फुटली.
तीन दिवस हे खड्ड्यात.
भरलेली पिशवी दाराशी, तिच्यावर ह्यांची पँट,
चिखल वाळून चटईवर गळत राहिला.
द्राक्षं मी गल्लीतल्या पोरांना वाटली.
मग शकू बाळंत झाली. मग मार्च एंड.
एकोणचाळीस टक्के.

लहानूने होडी काढलीच नाही.
म्हणाला, कशाला? चपला हातात घ्या.
बेटाला एका बाजूने मान फुटली होती,
ओली, काळी, बगळ्यांच्या पावलांची.
गाळपेरात कुणी काकड्या लावलेल्या.
आम्ही बेटावर चालत गेलो,
आणि आमच्या आधी तिथे शेळ्या पोचल्या होत्या.

तीन बाजूंना पाणी.
चौथीकडे मी पाठ केली.
तेवढं केलं की झालं बेट.
हे मात्र नेमके तिकडेच तोंड करून बसले.
रेंज होती, पूर्ण.
फोन दोनदा वाजला, पाणी कधी येणार, पाणी का नाही आलं.
ह्यांनी तो भाकरीच्या डब्यात ठेवला,
झाकण लावलं,
आणि बराच वेळ एका वठलेल्या बाभळीच्या खोडाकडे बघत बसले.
त्यावर पाण्याच्या खुणा होत्या, एकाखाली एक.
ह्यांनी बोटाने मोजल्या.
ही जानेवारीतली, म्हणाले.
ही लाइन फुटली तेव्हाची.

रात्री राहायचं आता कुणी काढलं नाही.
तहान लागली तशी घरून आणलेली बाटली मी पुढे केली.
इथूनच गेलेलं पाणी,
नळाने सिडकोत उतरून, माठात एक रात्र झोपून
सिटीबसने परत आलेलं.
ह्यांनी वरून प्यायलं.
उरलेलं ओतायला हात तिरका केला,
समोरच्या एवढ्या पाण्याकडे बघितलं,
आणि झाकण घट्ट लावलं.

डब्यात, भाकऱ्यांच्या मधे,
उत्तमनगर वाजत होतं.