छंद : पोहणे

जुबैलमध्ये रात्री साडेअकरा.
एसीचं पाणी बाहेरच्या पत्र्यावर टपटपतंय
आणि शिनोज वरच्या खाटेवरून म्हणतो,
चेट्टा, उद्दिष्टाचा रकाना रिकामा सोडू नका,
कंपनीला वाटतं या माणसाला काही हवंच नाही.

उडवून टाका, असं सेल्वमणीचं मत.
उद्दिष्ट विशीतल्या पोरांना शोभतं.
शेहेचाळिसाव्या वर्षी ते दिसलं
की लोक आधी जन्मतारीख शोधतात.

मांडीवर आम्रपालीचा जुना लॅपटॉप,
एक बटण दाबलं की अक्षर दोनदा उमटतं.
एकतीस तारखेला करार संपतोय.
दोन हजार नऊची फाइल उघडली :
'आव्हानात्मक वातावरणात काम करून
संस्थेच्या प्रगतीत वाटा उचलणे.'
हे वाक्य माझं नाही.
बल्लारपूर रोडवरचा झेरॉक्सवाला ते सगळ्यांनाच चिकटवायचा,
वेल्डरला, नर्सला, माझ्या साडूला.
साडू कुठेच लागला नाही.

मग म्हटलं, खरं लिहून बघू.
पोरीच्या फीचे शेवटचे दोन हप्ते.
खोडलं, ते बँकेला माहीत आहे.
मग बोटांनीच लिहिलं, मी नाही :
आईच्या मातीला पोचलो नाही,
बापाच्या वेळी तरी पोचणे.
वाचलं.
बॅकस्पेस दाबून धरलं, ओळ संपून
वरचं माझं नावही अर्धं खाल्लं त्यानं.

कांताला फोन केला.
ती म्हणाली, लिहा ना बापा, घरी वापस येणं.
म्हटलं, ते राजीनाम्यात लिहितात.
ती हसली नाही.
मागे कुकरची शिट्टी झाली, तिच्याकडे
एवढ्या उशिरा कुकर कशाला, हे विचारायचं राहिलं.

आणि तळाशी, भाषांच्या खाली,
इतकी वर्षं कुणीच न वाचलेली ओळ :
छंद : वाचन, प्रवास, पोहणे.
हीसुद्धा झेरॉक्सवाल्याचीच.

पंधरा वर्षं मी समुद्र गोड करतोय.
आत येतो तेव्हा पंचेचाळीस हजार,
बाहेर पडतो तेव्हा दोनशेच्या खाली,
दर दोन तासांनी आकडा वहीत, शेजारी माझी सही.
पोहता येत नाही.
मामाचा पोरगा वर्धेच्या डोहात गेला त्या उन्हाळ्यानंतर
आईनं आम्हाला घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही.

उद्दिष्टाचा रकाना काढला.
खालचं सगळं चार ओळी वर सरकलं,
अनुभव, पासपोर्ट नंबर, वडिलांचं नाव,
आणि बायोडेटा एका पानात मावला.
सेल्वमणीनं भिंतीकडे तोंड करून जांभई दिली, जिंकल्यासारखी.
'पोहणे' खोडायला कर्सर नेला.
तो तिथेच लुकलुकत राहिला,
मीही.

शुक्रवारी फनातीरच्या किनाऱ्यावर
शिनोजची हाफ पॅन्ट, नाडी दोनदा आवळलेली.
तो बॅकवॉटरच्या काठचा, पाण्यात जन्मल्यासारखा.
म्हणाला, अंग सैल सोडा चेट्टा, पाणी उचलतं.
खारं पाणी जास्तच उचलतं,
हे मला आकड्यांनिशी माहीत होतं.
अंगाला माहीत नव्हतं.
नाकातोंडात गेलं.
पंचेचाळीस हजार,
पंधरा वर्षं लिहिलेला आकडा
पहिल्यांदा घशाशी आला.
काठावरची दोन सौदी पोरं हसली,
मग त्यांतल्या एकानं स्वतःची हवेची ट्यूब
माझ्याकडे ढकलली.

बायोडेटा त्याच रात्री पाठवायचा होता.
म्हटलं, रविवारी पाठवू.
एक शब्द अजून खरा व्हायचाय,
सध्या कमरेपर्यंत झालाय.